गच्चीवरचे ३ किलोवॅट: सोलापुरातल्या एका घराच्या नोंदी

१५ डिसेंबर २०२४

गच्चीवर सौर पॅनेल बसवायचं घाटतंय, म्हणून वर्षभराची वीजबिलं महिन्याप्रमाणे लावली. एकूण वापर ३,६९० युनिट. सगळ्यात कमी जानेवारीत, २०५; सगळ्यात जास्त मे महिन्यात, ४२०. मेचं बिल साडेपाच हजारांच्या वर गेलं होतं. घरात सगळे एसीच्या नावाने खडे फोडतात, पण खरी गोम दरांच्या टप्प्यांत आहे. वहन आकार धरून पहिल्या १०० युनिटांना युनिटमागे ५.८८ रुपये, १०१ ते ३०० पर्यंत ११.४६, तिथून ५०० पर्यंत १५.७२. त्यावर स्थिर आकार, आणि वर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे सौरची वीज आली की आधी महागडी युनिटं कापली जातात. तळातली स्वस्त शंभरेक युनिटं वाचवून हाती फारसं लागत नाही. जाहिरातीत मात्र सरसकट ‘बिल शून्य’.

१३ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना जाहीर झाली, तेव्हापासून गल्लीत हाच विषय. अनुदान पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे एकूण ७८,०००. ३ च्या वर कितीही बसवा, आकडा हलत नाही. आपल्याकडे एका किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट असा ठोकताळा धरतात. त्या हिशोबाने ३ किलोवॅट आपल्याला पुरून उरतात. त्यामुळे ५ किलोवॅटचं कोटेशन घेऊन आलेल्यांना चहा पाजून पाठवून दिलं.

२२ डिसेंबर

वर्षातला सगळ्यात लहान दिवस कालचा, आजचा जवळपास तेवढाच. सावली मोजायची तर आजच, कारण दुपारची सावली याहून लांब कधी पडत नाही. गच्चीवर मीटरभर उंचीची काठी उभी केली. सोलापूरला सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळाच्या बाराला नाही, बारा पंचवीसच्या आसपास. भारताची प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आणि आपण ७६ च्या जवळ. त्या वेळी काठीची सावली ८७ सेंटिमीटर. लेकाने ताबडतोब मोबाइलवर कोन काढला, ४९ अंश. जिन्याच्या खोलीवरची पाण्याची टाकी नैर्ऋत्येला आहे, तिची सावली तीननंतर गच्चीच्या मधोमध येते. म्हणून पॅनेल पूर्वेच्या अर्ध्यात घ्यायचे.

इथे सासूबाईंनी हरकत घेतली. पूर्वेचा अर्धा भाग त्यांच्या वाळवणाचा. कुरडया, सांडगे, उपवासाचे पापड, शिवाय वर्षाची मिरची.

“उन्हाची वीज करणार म्हणता, मग माझ्या कुरडयांना ऊन कुठलं? टाकीमागं सावलीत वाळवू?”

प्रश्न रास्त आहे. सहा पॅनेलांना साधारण १७० चौरस फूट जागा लागते. स्ट्रक्चर दोन फुटांवर ठेवलं तर तेवढी गच्ची गेलीच. उंच केलं, खालची कड सात फुटांवर नेली, तर खालून माणूस आरामात फिरतो. पण पैसे १८,००० जास्त, वारा जास्त लागतो म्हणून पाय भक्कम हवेत, आणि पॅनेल धुवायचे तर शिडी लावा. ह्यांचं मत बुटक्या स्ट्रक्चरच्या बाजूने होतं. माझं मत उंचाच्या. गच्ची ही आमच्या घरातली सगळ्यात मोठी खोली आहे, ती पॅनेलखाली घालवायची नाही. शेवटी उंचच ठरलं.

११ जानेवारी २०२५

कोटेशनं आली. दर उन्नीसबीस, फरक लोखंडात. एकाने पाइपची जाडी लिहिलीच नव्हती. विचारल्यावर म्हणाला, “ताई, स्टँडर्ड असते.” स्टँडर्ड म्हणजे किती, हे त्याला सांगता आलं नाही. दुसरा म्हणाला, “आमच्यात बिल शून्य येतं.” मी म्हटलं, मग स्थिर आकार तुम्ही भरणार का? त्यावर तो हसला आणि कोटेशनची घडी घालू लागला.

तिसऱ्याने सगळं लिहून दिलं: ५४० वॅटचे सहा पॅनेल, डीसीआरचे, म्हणजे आतला सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले. अनुदानासाठी हे सक्तीचं. विनाडीसीआर स्वस्त पडतात, पण मग ७८,००० विसरायचे. गरम बुडवणीचं, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं, गॅल्व्हनाइज्ड स्ट्रक्चर, पाइपची जाडी, केबलचा आकार, तीन अर्थिंग. एकूण १,९८,०००. यात जीएसटी १३.८ टक्के, ७० टक्के रक्कम मालाची धरून १२ टक्के, ३० टक्के कामाची धरून १८ टक्के, असं ते गणित आहे. योजनेनुसार पाच वर्षं देखभाल त्याच्याच गळ्यात. पॅनेलांचे सिरियल नंबर बिलावर लिहून द्यायचे, ही अट मी घातली.

बँका तारण न घेता कर्ज देताहेत. आम्ही एफडी मोडली.

२१ जानेवारी

सिद्धेश्वरांच्या यात्रेमुळे फिटर मिळत नव्हते. आज आले. तिघं पोरं, कामाला चटपटीत. स्लॅबला भोकं पाडून केमिकल अँकर बसवले, वर काँक्रीटचे ठोकळे. प्रत्येक भोक पाडल्यावर आधी ब्लोअरने धूळ उडवली, मगच केमिकल भरलं. का, म्हणून विचारलं तर त्यातला एक म्हणाला, “धूळ राहिली तर केमिकल धुळीला चिकटतं, स्लॅबला नाही. पहिल्या वादळात पाय उचलतो.” हे काम जवळ उभं राहून बघण्यासारखं आहे, कारण ठोकळा पडला की आत काय झालं ते कुणालाच दिसत नाही.

अर्थिंगसाठी अंगणात तीन खड्डे: एक पॅनेलच्या डीसी बाजूचा, एक एसी बाजूचा, एक आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजरोधकाचा. तिन्ही खड्डे वेगळे. वर दोन वीत काळी माती, खाली मुरूम. मुरमात अर्थिंग नीट धरत नाही म्हणून खड्डे जास्त खोल घेतले. तुळशीवृंदावन वाचलं, जास्वंद गेली.

इन्व्हर्टर जिन्याखाली उत्तरेच्या भिंतीवर. पोरं पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर लावत होती, केबल कमी लागते म्हणून. पण पश्चिमेची भिंत आमच्याकडे एप्रिलमध्ये रात्री दहालाही हाताला चटका देते. इन्व्हर्टर तापला की स्वतःच उत्पादन कमी करतो. केबल वाढली तर वाढली.

६ फेब्रुवारी

सगळं जोडून तयार आहे, पण बंद. नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि दिलेली वीज वेगवेगळी मोजणारं मीटर, बसल्याशिवाय चालू करायचं नाही. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला आता तांत्रिक तपासणीची वेगळी पायरी राहिलेली नाही, त्यामुळे कागदपत्रं पुढे सरकली. मीटरची वाट आहे.

पलीकडच्या गल्लीत एकांनी धीर न धरता जुन्या मीटरवरच चालू केलं. जुनी इलेक्ट्रॉनिक मीटरं बरीचशी उलट्या दिशेने गेलेली वीजही वापर म्हणूनच मोजतात. दुपारी ज्यांनी वीज लाइनीला दिली, त्यांना तीच वीज वापरल्याचं बिल आलं. आमच्याकडे लेक रोज इन्व्हर्टरच्या स्विचकडे बघून उसासे टाकतो.

१४ फेब्रुवारी

नेट मीटर बसलं. सकाळी साडेअकराला चालू केलं. मीटरच्या पडद्यावर आकडे फिरत राहतात. त्यातले दोन महत्त्वाचे: आयात, म्हणजे लाइनीतून घेतलेली वीज, आणि निर्यात, म्हणजे लाइनीला दिलेली. शिवाय पॅनेलांचं स्वतंत्र मीटर, त्यात फक्त उत्पादन. पंखे आणि फ्रिज सोडून सगळं बंद केलं, तर निर्यातीचा आकडा दशांशाने सरकताना दिसला. सगळे मीटरसमोर उभे. सासूबाई म्हणाल्या, “झालं? एवढ्यासाठी दोन लाख?”

सव्वातीनला लाइट गेली, आणि सौरही बंद.

“ऊन भगभगतंय आणि पंखा बंद? मग हे कशाचं सौर?”

शेजारपाजारचे निम्मे लोक हे बसवल्यावरच शिकतात. बॅटरी नसलेला इन्व्हर्टर लाइनीच्या व्होल्टेजशी जुळवून घेऊन चालतो. लाइन मेली की त्याने दोन सेकंदांच्या आत थांबायचं असतं. खांबावर वायरमन काम करत असेल आणि आपल्या गच्चीवरून तारेत वीज जात असेल, तर माणूस जाईल. म्हणून ही सोय आहे, बिघाड नाही. लाइट गेल्यावर चालायला आपला जुना बॅटरीचा इन्व्हर्टर आहेच, दोन पंखे आणि ट्यूब ओढतो. सासूबाईंना वायरमनचं कारण पटलं. मात्र तेवढंच पटलं.

८ मार्च

अनुदान खात्यात जमा. ७८,००० रुपये. पॅनेलांपाशी उभं राहून काढलेल्या फोटोत मी आणि हे दोघंही डोळे मिटलेले आहोत, तरी चाललं.

२३ मार्च

पहिलं पूर्ण बिल. आयात १४८, निर्यात २३२. वजा ८४ युनिट पुढच्या महिन्यासाठी जमा. भरायची रक्कम स्थिर आकार आणि त्यावरचं शुल्क, बास.

पण बिलात एक गोष्ट दिसत नाही. पॅनेलांच्या मीटरवर उत्पादन ४०५ आहे. त्यातली २३२ बाहेर गेली, म्हणजे १७३ युनिट घरातच थेट वापरली गेली. ती नेट मीटरपर्यंत पोचलीच नाहीत. घराचा खरा वापर १४८ अधिक १७३, म्हणजे ३२१. गेल्या वर्षी याच महिन्यात २९० होता. बिल घटलं आणि वापर वाढला, दोन्ही एकदम. नुसतं बिल बघणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. आमच्या घरात दुपारी एसी लागायला लागला आहे, “फुकटच आहे की” म्हणून. मी रोज संध्याकाळी आयात, निर्यात आणि उत्पादन हे तिन्ही आकडे वहीत उतरवते. मोबाइलच्या अॅपवर सगळं दिसतं असं लेक म्हणतो, पण अॅपला फक्त उत्पादन कळतं. आणि लाइट गेली की राउटर बंद, अॅप बंद.

दुपारीच मशीन लावा, दुपारीच इस्त्री करा, असं सगळे सांगतात. आमचा जो हिशोब आहे त्यात महिन्याची आयात आणि निर्यात एकमेकांतून वजा होते. दुपारी कपडे धुतले काय नि रात्री धुतले काय, फरक पडत नाही. कामवाल्या मावशींना दुपारी बोलवायचं खूळ ह्यांनी काढलं होतं, ते बंद केलं.

२ एप्रिल

३१ मार्चला वर्ष संपलं. जमा राहिलेली युनिटं वीज कंपनी राज्याच्या वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते आणि खातं नव्याने सुरू होतं. हा दर आपण देतो त्याच्या मानाने फारच कमी असतो. म्हणून गरजेपेक्षा मोठं सौर बसवून पैसे कमवायचं गणित घरगुती ग्राहकाला जमत नाही. दीड महिन्याचीच शिल्लक असल्याने आमचं नुकसान चहापाण्याइतकं. शिल्लक साठते ती हिवाळ्यात आणि पुसली जाते ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. हे वेळापत्रक काही ग्राहकाच्या सोयीचं म्हणता येणार नाही.

२४ एप्रिल

पारा ४२ च्या पुढे. अशा उन्हात तर वीज धो धो निघत असणार, असं येणारा प्रत्येक जण म्हणतो. निघत नाही. फेब्रुवारीत भर दुपारी इन्व्हर्टरवर २.८ किलोवॅट दिसायचे, आज २.४५ च्या वर आकडा गेला नाही.

लेकाच्या मित्राकडून तापमान मोजायची बंदूक आणली. दुपारी एकला पॅनेलच्या पाठीवर ६७ अंश. माहितीपत्रकात लिहिलं आहे की २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला ०.३५ टक्के घट. ४२ अंश जास्त, म्हणजे जवळपास १५ टक्के इथेच गेले. पॅनेलची कागदावरची ताकद २५ अंशांवर मोजलेली असते. सोलापुरात पॅनेलला २५ अंश फक्त पहाटे मिळतात आणि पहाटे ऊन नसतं. प्रकाश हवा, उष्णता नको, असं हे काम. उंच स्ट्रक्चरचा इथे फायदा आहे, खालून वारा खेळतो. बुटक्या स्ट्रक्चरवाल्या शेजाऱ्यांच्या पॅनेलला तीच बंदूक लावली तर ७१ आलं.

पॅनेलांच्या खाली सासूबाईंनी बाज टाकली आहे. दक्षिणेच्या उघड्या पट्ट्यात कुरडया, आणि त्या सावलीत बसून कावळ्यांना हाकलतात. कालपासून गल्लीतल्या दोघीजणी त्यांच्या शेवया घेऊन तिथेच येतात.

४ मे

धुण्याचा प्रश्न. सोलापूरच्या धुळीला तोड नाही, आणि पाण्यालाही. नळ चार-पाच दिवसांनी येतो. उजनी धरण भरलेलं असो की रिकामं, आमच्या गल्लीत फरक नाही. त्यातलं पाणी काचा धुवायला घालायचं हे बोलायलासुद्धा धीर लागतो. बोअरचं पाणी आहे, पण ते इतकं जड की बादलीला पांढरा थर धरतो. काचेवर वाळलं तर क्षारांचे डाग बसतात, ते धुळीपेक्षा वाईट. धूळ पावसाने तरी जाते. कुणीतरी आरओचं वाया जाणारं पाणी सुचवलं. त्यात क्षार आणखी जास्त.

उपाय असा निघाला: आधी कोरड्या मऊ मॉपने धूळ झाडायची, मग ओल्या मॉपने नळाचं पाणी, सहा पॅनेलांना मिळून दोन बादल्या. शेवटचा हात एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्याचा. ते हवेतल्या बाष्पाचं, त्यात क्षार नाहीत. मेच्या कोरड्या हवेत ते रात्रभरात जेमतेम तांब्याभर निघतं, पण पुसायला पुरतं. वेळ पहाटेची, सूर्य वर यायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते. ह्यांनी शिडीवरून लांब दांड्याचा मॉप मारला, मी खालून शिडी धरली आणि सूचना केल्या.

काल १२.४ युनिट, आज स्वच्छ पॅनेलवर १३.६. दोन्ही दिवस आकाश निरभ्र.

१२ मे

या आठवड्यात दुपारी काठीची सावली तिच्या बुडाशीच. आता ऑगस्ट लागेपर्यंत भर दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला, आणि आपले पॅनेल दक्षिणेला कललेले. कल जेमतेम १५ अंशांचा असल्याने तोटा किरकोळ.

२८ मे

हा मे महिना काही मे राहिला नाही. वळीव म्हणावा तर थांबेना. मुंबईत मोसमी पाऊस २६ तारखेला दाखल, एरवी ११ जूनला येतो. सोमवारी दिवसभरात ३.४ युनिट, आजवरचा नीचांक. महिन्याचं उत्पादन ३४५, एप्रिलमध्ये ४१५ होतं. एसीही कमी लागला म्हणून बिलात तोल राहिला. पहिल्या वादळात मी आणि हे गच्चीच्या दारात उभं राहून पाय मोजत होतो. एकही हलला नाही. स्लॅबला खालून ओल नाही. सासूबाईंची मिरची मात्र भिजली.

१३ जुलै

इन्व्हर्टर दुपारी मधूनच बंद पडतो आणि काही मिनिटांनी आपोआप सुरू होतो. रविवारी जास्त. पडद्यावर व्होल्टेज जास्त असल्याचा इशारा. मल्टिमीटर लावला, २६१.

एजन्सीच्या पोराने फोनवरच सांगितलं, “लाइनीचा प्रॉब्लेम आहे ताई, आपला नाही.” तेवढ्यावर सोडलं नाही. सौर बंद ठेवून मोजलं तर मीटरपाशी २५१. चालू करून पूर्ण जोरात २६०. म्हणजे वरचे आठ-नऊ व्होल्ट आपण चालू केल्यावर वाढतात. वीज घरातून बाहेर ढकलायची तर घराचं व्होल्टेज खांबापेक्षा थोडं वर न्यावंच लागतं; टाकीत पाणी चढवायला पंपाने जोर लावायचा, तसंच. पाइप जितका अरुंद तितका जोर जास्त. आमची खांबापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर घर बांधलं तेव्हाची, बारीक अॅल्युमिनियमची, तीसेक मीटर लांब. वीज घेताना इतकी वर्षं तिने कुरकूर केली नव्हती, एसी लावला की ट्यूब जरा मंद व्हायची एवढंच.

वायरमन येऊन बघून गेला. खांबावरचा जोड काळा पडला होता. जाड केबल टाकली, जोड नवा केला. आता चालू-बंदमधला फरक दोन व्होल्टांचा. त्याच्याच बोलण्यातून कळलं की या ट्रान्सफॉर्मरवर आता बरीच घरं सौरची आहेत. रविवारी दुपारी कारखाने बंद, सगळ्यांची वीज बाहेर, घ्यायला कुणी नाही, मग व्होल्टेज चढणारच.

आणखी एक गंमत. या मोसमातलं सगळ्यात मोठं क्षणिक उत्पादन एप्रिलच्या उन्हात दिसलं नाही, परवा ढगांत दिसलं: ३.०५ किलोवॅट. ढगाच्या कडेवरून परतलेला उजेड थेट उन्हात मिसळतो आणि पॅनेल पावसाने गार झालेले असतात. मिनिटभर टिकतं. तेवढ्यात ढग येतो आणि आकडा ०.६ वर.

२४ ऑगस्ट

पारव्यांनी पॅनेलखालच्या पाइपवर संसार थाटला. विष्ठा काचेवर पडली की त्या ठिपक्यापुरता सेल झाकला जातो, तिथे उष्णता साठते. पावसानेही ती निघत नाही. अंडी नव्हती तेवढ्यात कडेने जाळी मारून घेतली. १,४०० रुपये. पारवे आता टाकीवर.

२८ सप्टेंबर

आठवडाभर पावसाने झोडपलं. सीना फुगून माढा, मोहोळकडच्या गावांत पाणी शिरलं. माझ्या मावसबहिणीच्या गावी वीज नाही, मोबाइल चार्ज करायलाही नाही. तिच्या घरावरही सौर आहे, आमच्यासारखंच बिनबॅटरीचं. म्हणजे पूर ओसरून ऊन पडलं तेव्हा पॅनेल चमकत होते आणि घरात अंधार होता. फोनवर ती संतापून म्हणाली, “हे उपटून नदीत टाकते.”

लाइट गेली तरी बॅटरीच्या आधाराने सौर चालू ठेवणारा हायब्रीड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी यांची चौकशी केली. आमच्याकडे लाइट जाते ती तासा-दोन तासांसाठी, तेवढ्याला जुनी बॅटरी पुरते. शहरात हा खर्च मला पटत नाही. पण तिच्या गावात घर असतं तर मी पहिल्या दिवशीच हायब्रीड घेतलं असतं आणि अनुदानाइतकीच त्याचीही चौकशी केली असती.

२२ तारखेपासून सौरवरचा जीएसटी १२ चा ५ झाला. एकूण धरला तर १३.८ च्या जागी ८.९ टक्के. आता बसवणाऱ्यांना आठेक हजार कमी पडतील. ह्यांनी चार वेळा बोलून दाखवलं. मी म्हटलं, तोवरची बिलं कोण भरणार होतं?

२ नोव्हेंबर

ऑक्टोबरअखेर उत्पादन २,९७१ युनिट. किलोवॅटला दिवसाला ४ चा ठोकताळा, सहा पॅनेलांचे मिळून ३.२४ किलोवॅट धरून, यंदा साडेतीनवर आला. मेचा पाऊस आणि सप्टेंबर, दोन्ही त्यात दिसतात. महिन्याला सरासरी तीन हजारांच्या वर वाचतात. घातलेले १,२०,००० निघायला साडेतीन वर्षं धरून चालते आहे.

नवा विषय पश्चिमेचा. शेजारचे काका वरचा मजला चढवताहेत, कॉलम उभे राहिले. पॅनेल एका ओळीत जोडलेले असतात. एकावर सावली पडली की त्याच्यापुरतं नुकसान होऊन भागत नाही, सगळ्या ओळीचा प्रवाह अडखळतो. ऊन अडवू नका असं शेजाऱ्याला कायद्याने सांगता येतं का, असं ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, आधी मोजा.

कालच्या उन्हात दोरी आणि काठी घेऊन मोजलं. हिवाळ्यात पावणेचारपर्यंत सूर्य पुरेसा वर असतो आणि आमचे पॅनेल उंचावर आहेत, तोवर सावली पोचत नाही. त्यानंतरचं उत्पादन वहीत बघितलं: १२ मधलं जेमतेम एक युनिट. महिनाभर पॅनेल न धुतल्याने याहून जास्त जातं. एकाची सावली बाकीच्यांना नडू नये म्हणून प्रत्येक पॅनेलला ऑप्टिमायझर लावायला एजन्सीने सोळा हजार सांगितले. ते लावायचे नाहीत.

संध्याकाळी काकांकडे गेले. कटकट नको म्हणून आधीच सांगितलं की मजल्याबद्दल तक्रार नाही, टाकीबद्दल विचारायचं आहे. नकाशात टाकी आमच्या बाजूला, आग्नेय कोपऱ्यात होती. तिथे आली तर दोन वाजल्यापासून आमच्यावर सावली.

काका म्हणाले, “बरं झालं बोललीस. मलाही वर सौरच घालायचंय, टाकी तिथं आली तर माझ्यावरच पडंल की सावली.”

टाकी वायव्येला न्यायचं ठरलं. त्यांनी माझी वही मागितली आहे, उद्या झेरॉक्स काढून द्यायची.